‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आरोग्यावर काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. आपल्या वयाला आरोग्य म्हणजे रक्तदाब, साखर आणि गुडघे. पण या तिन्हींवर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी सातच्या आत दोन-तीन व्याख्यानं होऊन गेलेली असतात, त्यामुळे त्यात मी भर घालत नाही. मी लहान मुलांची डॉक्टर. मुलं केव्हा बसतात, केव्हा चालतात, केव्हा बोलतात आणि बोलत नसतील तर का, हे बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज मी ऑटिझमबद्दल बोलणार आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात.

हा विषय इथे का, तेही सांगते. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण आजी-आजोबा झाले आहेत, उरलेले त्या वाटेवर आहेत. मूल दीड-दोन वर्षांचं झालं, हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, हे बहुतेक वेळा आईच्या आधी लक्षात येतं. ती घाबरत घाबरत घरात बोलून दाखवते. मग घरातलं मोठं माणूस मायेने सांगतं, ‘अगं, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता? बोलेल हळूहळू.’ त्या एका वाक्याने दोन वर्षांचं असताना दवाखान्यात यायचं मूल साडेचार वर्षांचं होऊन येतं. पूर्वी ते वाक्य आपल्या आई-सासूबाई म्हणायच्या. आता ते म्हणायची पाळी आपली आहे, आणि घरात आपला शब्द चालतो. म्हणून हे बोलणं.

आधी शब्दाबद्दल. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी ‘ऑटिझम’ हा शब्द वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी वापरला. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं बारकाईने वर्णन केलं आणि त्यासाठी हा शब्द घेतला. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी थोड्या वेगळ्या, पण त्याच कुळीतल्या मुलांबद्दल लिहिलं. ‘स्वमग्नता’ हे या नावाचं मराठी रूप. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा. तो ऐकला की डोळे मिटून स्वतःत हरवलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. मी बघते ती मुलं पंख्यात, चाकात, उन्हाच्या तिरिपेत रमलेली असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना माणसंही हवी असतात. माणसापर्यंत पोचायची जी वाट इतर मुलांना आपोआप सापडते, ती त्यांना आपोआप सापडत नाही.

हे जन्मतःच मेंदूच्या जडणघडणीत असतं. हे सांगायला जगाला फार वेळ लागला आणि त्याची किंमत आयांनी मोजली. १९५० आणि ६०च्या दशकांत ‘थंड, माया न करणाऱ्या आईमुळे मूल असं होतं’ असं मानलं जायचं. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिलं आणि ते गाजलं. त्याआधी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, हे सगळं खोडून काढणारं पुस्तक लिहिलं होतं. पण आयांवरचा डाग लगेच पुसला गेला नाही. १९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकातही दोघांना नव्हता. अभ्यास लहान होता, पण दिशा कळली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी तेच दाखवलं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि त्यात एक नव्हे, शेकडो जनुकं गुंतलेली आहेत.

आपल्याकडे त्या थंड आईचे अवतार अजून आहेत. ‘आई नोकरी करते ना, म्हणून.’ ‘एकत्र कुटुंब नाही, म्हणून.’ ‘मोबाइल देऊन बसवलं, म्हणून.’ मोबाइल कमी करायलाच हवा. तो बंद झाला की मुलाशी बोलायला, खेळायला वेळ उरतो आणि तो फार मोलाचा असतो. पण मोबाइलने ऑटिझम होत नाही, नोकरीने होत नाही आणि लसीनेही होत नाही. लसीची अफवा १९९८ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरच्या लेखातून उठली. १२ मुलांवरचा तो लेख होता. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये पुन्हा सिद्ध झालं, की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा याच्याशी संबंध नाही. तेव्हा नातवंडांच्या लसी चुकवू नका आणि सुनेला किंवा लेकीला दोष देऊ नका.

हे किती मुलांत असतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या ताज्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १२७ माणसांमागे एकात. म्हणजे हजारांत सात-आठ. तसं पाहिलं तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या गोतावळ्यात कुणी ना कुणी असणार.

आता खुणा. मला एकच निवडायला सांगितली तर मी बोट निवडीन. हो, आपलं हे तर्जनीचं बोट. मूल वर्षा-सव्वा वर्षाचं झालं की बोट दाखवायला लागतं. त्यातलं एक बोट मागण्याचं असतं. फळीवरच्या बिस्किटाच्या डब्याकडे बोट, म्हणजे ‘दे’. दुसरं बोट दाखवण्याचं असतं. खिडकीत कावळा येतो, मूल त्याच्याकडे बोट करतं, वळून तुमच्या तोंडाकडे बघतं आणि पुन्हा कावळ्याकडे बघतं. त्याला तो कावळा नको असतो. त्याला एवढंच हवं असतं, की मला दिसलं ते आजीलाही दिसावं. आजीने कावळे आयुष्यभर पाहिलेत, तरी ती ‘अग्गोबाई, काऊ आला!’ म्हणते. ते मूल, तो कावळा आणि ती आजी या त्रिकोणातून भाषा जन्माला येते. कुणाला काही सांगावंसंच वाटलं नाही, तर शब्द कशाला लागतील?

ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत हे दुसरं बोट उशिरा येतं किंवा येतच नाही. अशा मुलाला पाणी हवं असेल तर ते तुमचं मनगट धरून ओढत नेतं आणि तुमचा हात माठावर ठेवतं. तोंडाकडे बघत नाही. दीड वर्षाचं मूल बोट करून काही दाखवत नसेल, तर तपासून घ्यायला हवं.

बाकीच्या खुणा वयाप्रमाणे सांगते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी लिहून घ्या. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळून बघतं, बडबड करतं, टाटा करतं, आपण टाळ्या वाजवल्या की वाजवतं. सोळा महिन्यांपर्यंत एखाद-दुसरा अर्थाचा शब्द येतो. दीड वर्षाच्या आसपास मूल खोट्या कपातला खोटा चहा पाजतं आणि आपण भुरका मारला की खूश होतं. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘बाबा गेला’ असे स्वतःचे दोन शब्द जोडतं. यातलं बरंचसं दिसत नसेल तर थांबू नका. आणि कुठल्याही वयात आलेले शब्द गेले, टाटा करणारं मूल टाटा करेनासं झालं, तर मुळीच थांबू नका. काही मुलांत सुरुवात अशीच होते. दीड वर्षापर्यंत सगळं ठीक वाटतं आणि मग येत असलेलं हळूहळू हरवतं.

एका खुणेने काही ठरत नाही. बोलत नाही, पण बोट दाखवतं, हावभाव करतं, डोळ्यांत बघून हसतं, अशा मुलाचं कारण बहुधा वेगळं असतं. उलट काही मुलं भरपूर बोलतात. अडीच वर्षांचा मुलगा इंग्रजी आकडे शंभरपर्यंत म्हणतो, गाड्यांची नावं सांगतो, कार्टूनमधले संवाद जसेच्या तसे म्हणतो. घरचे कौतुकाने सगळ्यांना म्हणून दाखवायला लावतात. पण पडला, लागलं, तर तो ‘आई’ अशी हाक मारत नाही. हुशारी खरी असते, पण ती बोलणी कुणाशी नसतात. काही मुलं आपलंच वाक्य परत म्हणतात. तहान लागली की म्हणतात, ‘तुला पाणी हवंय का?’ कारण पाणी मिळायच्या आधी त्यांच्या कानावर हेच पडलेलं असतं. हे चिडवणं नव्हे. ती मागणीच असते आणि तिच्यावर पुढची भाषा उभी करता येते.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा वागण्यातल्या. गाड्या चालवायच्या सोडून रांगेत लावायच्या. चाक, झाकण, वाटी गरगर फिरवायची. हात फडफडवायचे, टाचा उचलून चालायचं. रोजच्या रस्त्याऐवजी दुसरीकडून नेलं तर आकांत. शिवाय इंद्रियांचं गणित वेगळं. कुकरची शिट्टी आणि मिक्सर कानात सुरी घातल्यासारखे लागतात. सदऱ्याच्या मानेमागची पट्टी टोचते. जेवण म्हणजे दहीभात, तोही एकाच वाटीत. याच्या उलट गुडघा फुटला तरी कुणाकुणाला पत्ता नसतो. गणपतीत ढोल-ताशा वाजतो, आपल्या अंगात वारं भरतं आणि हे मूल रस्त्यात लोळण घेतं. बघणारे म्हणतात, ‘काय लाडावून ठेवलंय!’ हट्ट आणि हे, यांत फरक आहे. हट्टी मूल रडताना एका डोळ्याने आपल्याकडे बघत असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. हे मूल आवाज, गर्दी, उजेड सगळं एकदम अंगावर आल्याने कोलमडलेलं असतं. त्याला रागावून काही होत नाही. शांत जागी नेलं, की सावरतं.

लंडनच्या डॉ. लोर्ना विंग यांची मुलगी ऑटिस्टिक होती. ‘स्पेक्ट्रम’ ही कल्पना त्यांनीच रुजवली. त्याचा अर्थ ‘थोडा ऑटिझम ते जास्त ऑटिझम’ अशी सरळ पट्टी नव्हे. बोलणं, शिकणं, गर्दी सहन होणं, स्वतःचं आवरणं, या प्रत्येकाचं प्रमाण प्रत्येकात वेगळं. एकाला शब्द नाहीत, पण गावातल्या सगळ्या एसटींचे मार्ग पाठ. दुसरी इंजिनिअर झालेली, पण कार्यालयाच्या कँटीनमध्ये तिला घास उतरत नाही. काहींना बौद्धिक अडचणही असते, काहींना फिट्स येतात, कित्येकांना झोप नीट लागत नाही. १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटामुळे अशी प्रत्येक व्यक्ती अचाट आकडेमोड करते असा समज झाला. तशा व्यक्ती थोड्या असतात, आणि बाकीच्यांनी आपलं मोल सिद्ध करायला काही अचाट करून दाखवायची गरज नाही. ‘तारे जमीन पर’मधला मुलगाही ऑटिस्टिक नव्हता. त्याला वाचनाची अडचण, डिस्लेक्सिया होता.

मग शंका आली तर करायचं काय? पहिलं म्हणजे कान तपासायचे. ‘बिस्किटाचा कागद वाजला की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं’ हा पुरावा पुरेसा नाही. बेरा नावाची तपासणी असते, मूल झोपलेलं असतानाही होते. दुसरं म्हणजे बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगायचं, की आम्हाला विकासाची तपासणी हवी आहे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. ती चाळणी आहे, निकाल नव्हे. नक्की निदान मुलाशी खेळून, त्याला बघून आणि घरच्यांशी बोलून होतं. त्याला ना रक्ताची चाचणी आहे, ना एमआरआयची. खर्चाची चिंता असेल तर सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्यात जिल्हा पातळीवर या मुलांसाठी लवकर उपचार सुरू करणारी केंद्रं आहेत. अंगणवाडीताई आणि आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. निदानाचा कागद हातात पडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो छापून आला. मुलं दोन ते नऊ वर्षांची होती. मोठे तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते सहा महिने दर पंधरा दिवसांनी घरी जाऊन आई-वडिलांना मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत होते. त्याने आई-वडिलांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. म्हणजे ज्यांच्या गावात थेरपिस्ट नाही त्यांच्या हातातही काहीतरी आहे.

ते काय, हे करूनच दाखवते. मूल बादलीतलं पाणी तांब्याने ओततंय, पुन्हा भरतंय, पुन्हा ओततंय. आपण म्हणतो, ‘बास झालं, चल, हा प्राणी कोणता सांग.’ तसं नाही करायचं. त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला खाली बसायचं. ते बघतंय तिकडेच बघायचं. दुसरा तांब्या घेऊन आपणही ओतायचं. एकच शब्द म्हणायचा, ‘ओत’. पुढच्या वेळी तांब्या वर धरायचा आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. मूल एकदा वर बघेल, हात पुढे करेल, कदाचित ‘ओ’ म्हणेल. त्यातलं काहीही झालं की लगेच ओतायचं. एवढंच. दिवसातून तीन-चार वेळा, आंघोळीला, जेवताना, कपडे घालताना. खाली बसायला आपले गुडघे कुरकुरतील, पण दहा आकडे मोजायला आजी-आजोबांइतकी सवड कुणाकडे आहे?

आणि हे मराठीतच करा. बोलायला उशीर झाला की ‘घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो’ असा सल्ला सर्रास मिळतो. आपली मुलं बंगळुरूला, न्यू जर्सीला आहेत, तिथे तर फारच. ऑटिझम असलेली मुलं दोन भाषांत वाढली म्हणून मागे पडतात असं अभ्यासात आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही गुदगुल्या करता, रागावता, लाड करता, तीच भाषा मुलाला भरभरून मिळते. आजीची भाषा काढून घेतली, तर आजीही जाते. चित्रांची कार्डं किंवा टॅबलेटवरून बोलायला शिकवलं तर मूल तोंडाने बोलणारच नाही, ही भीतीही खरी नाही. काही मुलं कधीच तोंडाने बोलत नाहीत, आणि त्यांनाही सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

आता तुम्ही विचाराल, बरं होतं का? प्रामाणिक उत्तर असं, की हा ताप नव्हे, तो उतरत नाही. ऑटिझम आयुष्यभर असतो. मूल मात्र बदलतं, शिकतं. काही मुलं इतकी पुढे जातात, की माझाही अंदाज चुकतो. काहींना जन्मभर मदत लागते. याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून दूर राहा. ‘मूळपेशींनी बरं करतो’ म्हणून लाखो रुपये घेतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं स्पष्ट केलं आहे. शरीरातले धातू काढणारी औषधं, दाबाखालचा प्राणवायू हेही त्याच पंक्तीतलं. शेत किंवा दागिने विकून तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांना घरचं वडीलधारं माणूसच थांबवू शकतं.

सर, बाई, आता थोडं तुमच्या प्रांतातलं. तुमच्यापैकी काही जण निवृत्तीनंतरही शिकवता, काहींच्या सुना-लेकी शिक्षिका आहेत, म्हणून सांगते. वर्गात असं मूल असेल तर फार मोठं काही करावं लागत नाही. त्याला पंख्याच्या आणि दाराच्या आवाजापासून लांब, कडेला बसवायचं. आज कुठले तास आहेत ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं आणि बदल असेल तर आधी सांगायचं. सूचना एका वेळी एक. ‘वह्या काढा, तारीख घाला, समास पाडा आणि तिसरा प्रश्न सोडवा’ यात ते समास पाडून थांबतं, आणि आपल्याला वाटतं लक्ष नाही. ‘माझ्याकडे बघ!’ असा आग्रह नको. कित्येकांना डोळ्यांत बघताना ऐकूच येत नाही, खाली बघून नीट ऐकू येतं. आणि मधल्या सुट्टीत एक सोबती. मधली सुट्टी या मुलांना गणितापेक्षा अवघड जाते, कारण तिच्यात नियम नसतात.

कायदाही बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर पालकत्वाची कायदेशीर व्यवस्थाही याच कायद्याने करता येते. हे शेवटचं मुद्दाम सांगते. मूल तीन वर्षांचं असताना पालक विचारतात, ‘बोलेल का?’ तेच पालक मूल वीस वर्षांचं झालं की दार लावून घेऊन हळू आवाजात विचारतात, ‘आमच्यामागे याचं काय?’ त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कागदपत्रांत आहे. उरलेलं निम्मं नातेवाइकांत आणि शेजाऱ्यांत आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यात.

आपण १९८३ साली दहावी झालो. मनोविकारांच्या अमेरिकी पुस्तकात ऑटिझमचे स्वतंत्र निकष त्याआधी तीनच वर्षं, १९८० मध्ये आले. आपल्या शाळेपर्यंत हा शब्द पोचणं शक्यच नव्हतं. पण मुलं तेव्हाही असणारच. रोज त्याच कडेने भिंतीला हात लावत चालणारं, एकाच विषयावर तासभर बोलणारं, विनोद न कळून सगळे हसल्यावर मागून हसणारं. मुली तर आणखीच लपून गेल्या. त्या इतरांचं बघून हुबेहूब वागायला शिकतात, घरी येऊन थकून पडतात, आणि लोक म्हणतात ‘किती शांत मुलगी’. आता बसल्या जागी जुन्या मित्रांची निदानं करायला लागू नका, तो खेळ बरा नव्हे. पण आपल्याच वयाच्या कुणाला नातवाचं निदान ऐकताना ‘अरे, हे तर माझंच वर्णन आहे’ असं वाटलं, तर त्याला हसू नका.

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी एक साधा प्रश्न मांडला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं सगळे म्हणतात, पण इतरांना त्याचं मन कुठे कळतं? पुढे एडिंबरोला एक प्रयोग झाला. आपल्या ‘कानगोष्टी’च्या खेळासारखा, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळी ऑटिस्टिक माणसं असलेल्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच चांगली पुढे गेली. त्यांना आपसांत सांगता येतं आणि समजतं. मग आपल्यात आणि त्यांच्यात जे अंतर पडतं, त्यातलं अर्धं तरी आपण चालायला हरकत काय?

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. घरात कुणी आई ‘मला जरा काळजी वाटते’ म्हणाली, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणायच्या ऐवजी ‘चल, दाखवून येऊ, मी येते बरोबर’ म्हणा. तपासून सगळं ठीक निघालं, तर गेली एक सकाळ. लग्नात किंवा पूजेला अशा मुलाच्या घरच्यांना आवर्जून बोलवा, कारण लोक काय म्हणतील या भीतीने त्यांनी जाणं-येणं सोडलेलं असतं. बोलावताना सांगा, की आतली खोली मोकळी ठेवली आहे, त्याला त्रास झाला तर तिथे बसा. मुलगा कान झाकून उभा राहिला तर टक लावून बघू नका. आणि त्याच्या भावंडांशीही दोन शब्द बोला, ती बिचारी सगळीकडे मागे राहतात.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या व्हरांड्यात बसणार आहे. कुणाला नातवंडाबद्दल, भाच्या-पुतण्यांबद्दल काही विचारायचं असेल तर या. चारचौघांत विचारायला संकोच वाटत असेल, तर फोन करा. नंबर स्मरणिकेच्या यादीत आहेच. उद्या करू म्हणून मात्र ठेवू नका.